दमट मावळातील आर्टेमिया: खरेदी, साठवण आणि उबवणी

एंजल, बार्ब, गुरामी, बेट्टा यांसारख्या शोभिवंत माशांची अंडी उबवणे हे फारसे अवघड काम नाही. अडचण सुरू होते ती पिलांच्या पोटाखालची बलकाची पिशवी आटल्यावर, कारण त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत हलते, तोंडात मावेल इतके बारीक आणि पचण्याजोगे खाद्य पुढ्यात आले नाही, तर शेकडो मत्स्यजिरे, म्हणजे नुकती पोहू लागलेली पिले, कोणताही रोग न होता केवळ उपासमारीने मरतात. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देण्याची पद्धत जुनी असली तरी तिने टाकीतील पाणी लवकर नासते. शेणखताच्या पाण्यात वाढवलेली मोइना किंवा तळ्यातून गाळून आणलेले पाणपिसू हे खाद्य म्हणून उत्तम असले, तरी तळ्यातल्या पाण्याबरोबर चतुराच्या हिंस्र अळ्या आणि परजीवीही घरात येतात. या अडचणींतून वाट काढणारे आणि म्हणून जगभरच्या मत्स्यबीज केंद्रांत रूढ झालेले खाद्य म्हणजे आर्टेमियाचे नुकते उबलेले डिंभ, म्हणजे इवली पिले, होत. डब्यातून त्याच्या अंड्यांची कोरडी पूड काढावी, खारट पाण्यात टाकावी आणि दुसऱ्या दिवशी जिवंत खाद्य हाती यावे, इतके हे काम वरवर सोपे दिसते. परंतु लोणावळ्याच्या घाटमाथ्यापासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर पूर्वेस असलेल्या कामशेतसारख्या गावी ते करताना हवेतील ओलावा हाच या व्यवहारातला सर्वांत महागडा घटक ठरतो, आणि खरेदीपासून उबवणीपर्यंतचा प्रत्येक निर्णय त्याच्याकडे पाहूनच घ्यावा लागतो.

आर्टेमिया हा खारट सरोवरांत आणि मिठागरांत राहणारा, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा कवचधारी प्राणी होय. परिस्थिती अनुकूल असताना त्याची मादी थेट पोहणारी पिले सोडते, आणि पाण्यातील क्षार वाढू लागले किंवा प्राणवायू घटला की ती जाड तपकिरी कवचातील सुप्त अंडी घालू लागते. या अंड्यांना व्यवहारात ‘सिस्ट’ म्हणतात. काटेकोर अर्थाने ते अंडे नव्हेच, कारण आतील गर्भ सुमारे चार हजार पेशींपर्यंत वाढून मग थांबलेला असतो. सिस्टचा व्यास २०० ते ३०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असतो, आणि एका ग्रॅममध्ये अशी दोन ते तीन लाख सिस्ट भरतात. पूर्ण सुकलेले सिस्ट भिंगाखाली पाहिले तर ते गोल दिसत नाही. हवा गेलेल्या चेंडूसारखा त्याला एका बाजूने खळगा पडलेला असतो, आणि पाण्यात तासभर राहिल्यावर तो खळगा भरून येऊन सिस्ट टचटचीत गोल होते. पाण्याचे प्रमाण दोन ते पाच टक्क्यांवर असेतोवर आतील चयापचय जवळजवळ बंद असतो. ते दहा टक्क्यांच्या वर गेले की गर्भाची साठवलेली ऊर्जा हळूहळू खर्च होऊ लागते, पण उबण्यापुरते पाणी मात्र मिळालेले नसते. ही मधली अवस्था सर्वांत घातक, आणि मावळातील पावसाळ्यात अर्धवट झाकलेला डबा नेमका तिच्यातच जाऊन पडतो.

आर्टेमियाचा माशांच्या पिलांसाठी उपयोग होतो हे १९३० नंतरच्या दशकात नोंदले गेले; सॅन फ्रान्सिस्को येथील स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे अल्विन सील यांनी १९३३ मध्ये आणि नॉर्वेच्या गुन्नार रोलेफ्सन यांनी १९३९ मध्ये ते दाखवून दिले. अमेरिकेच्या यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरातून सिस्ट व्यापारासाठी गोळा करणे १९५० नंतर सुरू झाले आणि आजही डब्यांवर त्या सरोवराचे नाव सर्वाधिक वेळा आढळते. महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध मात्र फारसा कोणाच्या लक्षात नसतो. मुंबईच्या मिठागरांत आर्टेमिया असल्याची नोंद मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली, आणि याच कुलकर्णींनी पुढे १९७०च्या सुमारास लोणावळ्याच्या तलावांतील दख्खनी महाशीर माशाच्या कृत्रिम प्रजननाचे व त्याच्या पिलांच्या वाढीचे काम केले, ज्याच्या पाठोपाठ टाटा कंपनीचे महाशीर संवर्धन केंद्र वळवण धरणालगत उभे राहिले. खारट पाण्यातला हा कीटकवजा जीव आणि इंद्रायणीच्या खोऱ्याशेजारच्या तलावांतला बलदंड मासा एकाच अभ्यासकाच्या कामात आले, हा योगायोग खरा. पण महाशीरला आर्टेमियाची फारशी गरज नसते हेही सांगितले पाहिजे, कारण त्याचे अंडे चांगले अडीच-तीन मिलिमीटरचे असते आणि त्यातून निघणारे पिलू पहिल्या घासालाच बऱ्यापैकी मोठे तोंड उघडते. ज्या माशांची अंडी लहान, त्यांच्या पिलांसाठीच हा सगळा खटाटोप करावा लागतो.

मुंबईत मिठागरे असताना कामशेतच्या संवर्धकाने यूटाचा डबा का विकत घ्यावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. भाईंदर, वसई, उरण या पट्ट्यातील मिठागरे हिवाळा आणि उन्हाळा एवढेच चालतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कोंड्या गोड्या पाण्याने भरतात, क्षारता कोसळते आणि त्याबरोबर आर्टेमियाची पैदासही ओसरते. शिवाय भारतातील मूळ वाण बहुतांशी केवळ माद्यांचे, नराविना पुनरुत्पादन करणारे आहेत, आणि त्यांची सिस्ट गोळा करून, धुऊन, प्रतवारी लावून डब्यात भरण्याइतका उद्योग या किनाऱ्यावर रुजला नाही. त्यामुळे माल आयातीचा, आणि त्याची उपलब्धता दूरच्या एका सरोवराच्या तब्येतीवर अवलंबून राहते. ग्रेट सॉल्ट लेकमध्ये १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लागोपाठ काही हंगाम वाईट गेले आणि सिस्टचे भाव सर्वत्र भडकले. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तर त्या सरोवराची पातळी नोंदी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकाला गेली. सायबेरिया, कझाकस्तान, चीन आणि व्हिएतनाममधील विन्ह चाऊ येथूनही माल येतो. विन्ह चाऊचा माल सॅन फ्रान्सिस्को वाणाचा, म्हणून आकाराने किंचित लहान आणि बारीक तोंडाच्या पिलांना अधिक सोयीचा असतो.

खरेदीच्या वेळी डब्यावर छापलेली टक्केवारी प्रथम दिसते आणि तिच्यावरच भाव ठरतो, परंतु ती टक्केवारी डबा भरतानाची असते. शंभरांतली किती सिस्ट उबतात हे ती सांगते. एका ग्रॅममागे प्रत्यक्ष किती डिंभ मिळतात हे ती सांगत नाही, कारण डब्यात रिकामी कवचे, वाळू आणि मीठ किती आहे हे वेगळेच गणित असते. शोभिवंत माशांच्या दुकानांत मूळ डबा फोडून दहा-वीस ग्रॅमच्या प्लास्टिकच्या पुड्या बांधून विकण्याची पद्धत आहे आणि लहान संवर्धकाला तीच परवडते, पण डबा कोणत्या महिन्यात फोडला, त्यानंतर तो कुठे ठेवला होता, याची विचारपूस सहसा कोणी करत नाही. पुडी कलती केल्यावर आतील माल बारीक वाळूसारखा घरंगळला पाहिजे. तो गठ्ठ्याने सरकत असेल, पुडीच्या आतील बाजूस चिकटत असेल किंवा उघडताच खवट वास येत असेल, तर टक्केवारी काहीही छापलेली असो, तो माल सोडून द्यावा. भिंगाखाली खळगे दिसणारी सिस्ट कोरडी, आणि गोल फुगलेली सिस्ट ओलावलेली किंवा रिकामी, एवढे कळले तरी निम्मी फसवणूक टळते.

याहून खात्रीची चाचणी घरी होते. काळ्या कागदावर चिमटीभर सिस्ट भुरभुरून त्यांतली शंभर बारीक कुंचल्याने वेगळी काढायची, खारट पाण्याच्या उथळ बशीत दिव्याखाली ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी न उबलेली मोजायची. काम कंटाळवाणे आहे आणि डोळ्यांना ताण देणारे आहे, पण पूर्ण डबा घेण्याआधी एकदा ते केले की दुकानदाराशी वाद घालण्याची वेळ येत नाही. निम्म्याहून कमी उबणारा स्वस्त माल अखेर महागच पडतो, आणि त्यात केवळ पैशाचा प्रश्न नसतो: न उबलेली सिस्ट आणि कवचे डिंभांबरोबर टाकीत जातात, पिले ती गिळतात, आणि ते कवच पचत नसल्याने आतडे तुंबून पिले मरतात. अशा वेळी संवर्धक पाण्याला किंवा रोगाला दोष देत बसतो.

साठवणीचे शास्त्र मावळातील शेतकऱ्याला नवे वाटू नये. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेल्या इंद्रायणी वाणाचे बियाणे जो घरी धरतो, त्याला हे पुरते ठाऊक असते की बियाणे उन्हात खणखणीत वाळवून कणगीत ठेवले तर पुढच्या रोहिणीपर्यंत टिकते, आणि सर्दावले तर राबात टाकल्यावर उगवत नाही. सिस्टचेही तसेच, फक्त प्रमाण अधिक कठोर: भाताच्या बियाण्याला बारा-तेरा टक्के ओलावा चालतो, सिस्टला त्याच्या निम्माही चालत नाही. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुणे शहरात सातशे-साडेसातशेच्या आसपास, आणि कामशेत या दोहोंच्या मध्ये असले तरी जुलै-ऑगस्टमध्ये तेथील घरांत चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते, आगपेटी पेटत नाही आणि मिठाच्या बरणीला पाणी सुटते. त्या हवेत उघडलेला डबा आठवडाभरात हाताला लागण्याइतका सर्दतो.

म्हणून डबा शीतकपाटात ठेवावा असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो बरोबर असूनही बहुतेकांचे नुकसान त्यातूनच होते. चार अंश तापमानाचा डबा पावसाळ्यातल्या खोलीत काढून लगेच उघडला की हवेतील बाष्प आतल्या थंड सिस्टवर दवासारखे जमते. रोज सकाळी असे एकदा घडले, तर महिनाभरात तो डबा भरपूर ओलावा पितो. यावरचा उपाय साधा आहे. मूळ डबा कोरड्या दिवसांत, शक्यतो एप्रिल-मेमध्ये, एकदाच उघडून त्यातील माल आठवडाभर पुरेल अशा लहान काचेच्या बाटल्यांत भरायचा, प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी टाकायची, झाकणावरून चिकटपट्टी गुंडाळायची, आणि एक बाटली वापरात असताना बाकीच्यांना हात लावायचा नाही. वापरातील बाटली शीतकपाटात परत न ठेवता कोरड्या, घट्ट डब्यात बाहेरच ठेवावी, आणि नवी बाटली बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे चांगले काही तास, उघडू नये. वर्षभरासाठी साठा करायचा असेल तर तो गोठणकप्प्यात उणे अठरा अंशांच्या आसपास अधिक सुरक्षित राहतो, मात्र गोठलेला माल बाहेर काढल्यावर आठवडाभर साध्या तापमानात बंद ठेवून मग उबवला तर उबण्याचे प्रमाण सुधारते. बाटलीत हवा जितकी कमी तितके चांगले, कारण प्राणवायूही सुकलेल्या गर्भाला हानिकारक असतो. कारखान्यात डबे निर्वात करून किंवा नायट्रोजन भरून बंद करतात ते याचसाठी.

या सगळ्यामुळे खरेदीचे गणितही उलटते. मोठा डबा ग्रॅममागे स्वस्त पडतो हे खरे, परंतु कामशेतमध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात फोडलेला मोठा डबा ऑक्टोबरपर्यंत निम्म्या ताकदीवर आलेला असेल, तर पावसाळ्यापुरते लहान सीलबंद डबे महाग दराने घेणेच शहाणपणाचे. खरेदीचे वेळापत्रक दुकानातील सवलतीपेक्षा पंचांगातील नक्षत्रांवरून ठरवावे.

उबवणीसाठी लागणारे साहित्य कोणत्याही घरात सापडते. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीचे बूड कापून ती उलटी टांगली की तळाला निमुळता होत जाणारा शंकू तयार होतो, आणि एअर पंपाची नळी त्या टोकापर्यंत सोडली की सिस्ट कोपऱ्यात साचून न राहता सतत वर-खाली फिरत राहतात. नळीच्या टोकाला एअर स्टोन लावू नये, कारण बारीक बुडबुड्यांनी फेस होतो आणि फेसाबरोबर सिस्ट काठाला चढून तेथेच सुकतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. उबवणीला वीस ते पंचवीस ग्रॅम खडे मीठ पुरते, आणि कमी मीठ अधिक फायद्याचे का, याचे कारण गर्भाच्या शरीरक्रियेत आहे. भिजलेला गर्भ आपल्या साखरेपासून ग्लिसरॉल तयार करतो, ते ग्लिसरॉल पाणी ओढून घेते, आतील दाब वाढतो आणि त्या दाबाने कवच तडकते. बाहेरचे पाणी जितके खारट तितके अधिक ग्लिसरॉल साठवावे लागते आणि तितकी डिंभाची शिदोरी आधीच खर्च होते.

दुसरी बाब पाण्याच्या आम्लतेची. कवच तडकल्यानंतर आतील पातळ पडदा विरघळवणारे विकर पाण्याचा सामू आठच्या वर असतानाच नीट काम करते. मावळातील धरणांचे आणि नद्यांचे पावसाळी पाणी मऊ, कमी क्षारांचे आणि म्हणून सामू सांभाळण्यास असमर्थ असते. लाखो गर्भ श्वसन करू लागले की त्यांच्या कार्बन डायऑक्साइडने ते लगेच आम्लतेकडे झुकते. कूपनलिकेच्या जड पाण्यात ही अडचण कमी जाणवते, आणि त्यामुळे एकाच गावात दोन घरांत एकाच डब्यातील माल वेगवेगळा उबतो. नळाच्या पाण्यात लिटरला अर्धा ते एक ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की प्रश्न सुटतो. क्लोरीन घालवण्यासाठी पाणी दिवसभर उघडे ठेवावे किंवा दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे एक-दोन खडे टाकावेत.

तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंश असेल तर अठरा ते चोवीस तासांत उबवणी पूर्ण होते. कामशेतच्या डिसेंबर-जानेवारीतील रात्री याच्या निम्म्यावर जातात, आणि हीटर न लावलेल्या बाटलीत उबवणी लांबतेच, शिवाय विस्कळीतही होते: काही डिंभ पहिल्या दिवशी, काही तिसऱ्या दिवशी, आणि गोळा करताना ताजे व उपाशी एकत्र. बाटली मत्स्यटाकीच्या तापवलेल्या पाण्यातच टांगणे हा त्यावरचा स्वस्त तोडगा होय. प्रकाशाची गरज मुख्यतः भिजल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत असते. आषाढातल्या ढगाळ दुपारी खिडकीवर विसंबून न राहता जवळ दिवा लावावा. सिस्टचे प्रमाण लिटरला दोन ग्रॅमच्या पुढे नेऊ नये. वीज गेल्यावर हवा बंद पडते आणि दाट भरलेली बाटली लवकर गुदमरते, म्हणून पावसाळ्यात बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ असणे ही चैन नव्हे.

बारा-पंधरा तासांनी थेंबभर पाणी भिंगाखाली घेतले तर उबवणीचा सर्वांत देखणा टप्पा दिसतो. कवचाला चीर गेलेली असते, नारिंगी गर्भ पारदर्शक पडद्यात गुंडाळलेला कवचाखाली लोंबत असतो, आणि त्या पडद्याच्या आत त्याचे अवयव मधूनच थरथरतात. थोड्या वेळात पडदा फाटतो आणि अर्ध्या मिलिमीटरचा डिंभ, ज्याला नॉप्लियस म्हणतात, झटके देत पोहू लागतो. या पहिल्या अवस्थेत त्याला तोंड असून नसल्यासारखे, तो बलकावर जगतो, आणि माशाच्या पिलासाठी याच वेळी त्याचे मोल सर्वाधिक असते. सुमारे आठ तासांनी तो कात टाकतो, खाऊ लागतो, फिकट होतो, अधिक चपळ होतो. दिवसभर उपाशी राहिला तर त्याची पाव हिश्शाहून अधिक ऊर्जा जळून जाते. म्हणजे उबवणीची वेळ पिलांच्या जेवणाच्या वेळेवरून मागे मोजत ठरवावी लागते, आणि दोन बाटल्या आलटून पालटून लावणारा संवर्धक एकाच मोठ्या बाटलीवर भिस्त ठेवणाऱ्यापेक्षा कमी सिस्टमध्ये अधिक पिले जगवतो. उरलेले डिंभ उथळ ताटलीत, खारट पाण्यात, शीतकपाटात ठेवले तर दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्यापैकी टिकतात.

गोळा करताना हवा बंद करून तळाशी विजेरी धरली की रिकामी कवचे वर तरंगतात, डिंभ प्रकाशाकडे खाली येतात आणि न उबलेली सिस्ट टोकाशी बसतात; पहिली धार टाकून देऊन मधला नारिंगी भाग दाट विणीच्या मलमलीतून गाळून घ्यावा. हे पाच-दहा मिनिटांत उरकावे, कारण एका जागी दाटलेल्या डिंभांना तेथे प्राणवायू पुरत नाही. गाळलेले डिंभ स्वच्छ पाण्याने धुणे टाळू नये, कारण उबवणीच्या पाण्यात सांडलेल्या ग्लिसरॉलवर जिवाणू माजलेले असतात. गोड्या पाण्यात डिंभ फार वेळ तग धरत नाहीत, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा, पिले लगेच संपवतील एवढेच द्यावे. एंजलची पिले पहिल्या दिवसापासून ते खातात. गुरामी आणि बेट्टा यांच्या पिलांना सुरुवातीचे काही दिवस डिंभही तोंडात मावत नाही, आणि तोवर वाळल्या पानांच्या पाण्यात वाढवलेल्या सूक्ष्मजीवांवर त्यांना जगवावे लागते. पिलांनी खाल्ले की नाही हे ओळखायला टाकीमागे दिवा धरावा: पारदर्शक अंगातून नारिंगी पोट स्पष्ट दिसते, आणि ज्यांचे पोट नारिंगी नाही ती दुसऱ्या टाकीत वेगळी काढलेली बरी.

इतकी काळजी घेऊनही एखादी बाटली भाद्रपदापर्यंत सर्दतेच आणि तिची उबवणी तिसऱ्या हिश्शावर येते. असा माल फेकून देण्याचे कारण नाही. सिस्ट तासभर गोड्या पाण्यात फुगवून, कपडे शुभ्र करण्याच्या क्लोरीनच्या द्रावात थोडा कॉस्टिक सोडा मिसळून त्यात ढवळली, तर तपकिरी कवच विरघळत करडे व मग नारिंगी होते. या वेळी द्राव तापतो, म्हणून भांड्याभोवती बर्फ ठेवावा लागतो आणि हातमोजे घालावे लागतात. रंग नारिंगी होताच माल मलमलीत ओतून वास जाईपर्यंत धुवावा आणि शेवटी हायपोच्या पाण्यातून काढावा. कवच गेलेली ही सिस्ट उबली नाहीत तरी पचतात आणि थेट खाऊ घालता येतात. ती लवकर तळाशी बसत असल्यामुळे टाकीत हलकी हवा चालू ठेवून, दोन आठवड्यांपुढच्या, खाली वाकून वेचू लागलेल्या पिलांना ती द्यावीत, आणि ताज्या बाटलीतला माल त्यांच्याहून लहान पिलांसाठी राखून ठेवावा.